बारकूकाकींच्या गच्चीवरचं ऊन

मला आजवर एकदाच कुणी राहत्या घरातून बाहेर काढलं आहे. एका दिवसाची मुदत, कारण एका वाक्यात, आणि वर "पिशवी भरायला येऊ काय?" अशी आपुलकीची चौकशी. ज्या बाईंनी मला काढलं, त्यांच्याइतकी माया पनवेलमध्ये माझ्यावर दुसऱ्या कुणी केली नाही. हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून कसं घडलं, ते सांगायचं तर बारकूकाकींपासूनच सुरुवात करायला हवी.

बारकूबाई घरत. भावंडांत सगळ्यात धाकट्या म्हणून नाव बारकू ठेवलं, आणि ही बारकू पुढे इतकी उंच झाली की स्वतःच्या घराच्या दारातून आत येतानाही तिला मान लववावी लागायची. साठीच्या आसपास वय, गुडघ्यापर्यंतचं लुगडं, नाकात चमकी, आणि आवाज असा की गच्चीवरून बोलल्या तर नाक्यावरचा रिक्षावाला "ओ काकी" म्हणून उत्तर द्यायचा. पनवेल स्टँडपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, खाडीच्या बाजूला त्यांचं गाव. गावाच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या घरांपैकी एक दोन मजली घर त्यांचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा प्रमोद जासईच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. सकाळी जायचा, तो अंधार पडल्यावर यायचा. त्यामुळे घरावर, गच्चीवर आणि आजूबाजूच्या चार घरांवर राज्य काकींचंच.

मी तेव्हा वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता म्हणून नुकताच पनवेलला आलो होतो. गाव सांगलीकडचं, इथे ओळख ना देख. बाजारात विजेच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या हनीफभाईंनी मला या घराचा पत्ता दिला. हनीफभाई उमेदीची वीस वर्षं कुवेतमध्ये इलेक्ट्रिशियन होते. परत येऊन त्यांनी दुकान टाकलं होतं. "बारकूकाकींकडे जा," ते म्हणाले. "बाई सख्त आहे, पण दिलाची साफ."

काकींनी मला दारातच तीन प्रश्न विचारले.

"मच्छी खातंस?"

"खातो."

"काम कुठं?"

"वीज कंपनीत."

"आनि कपडे कवा सुकवतंस?"

या तिसऱ्या प्रश्नाचं कारण त्यांनीच समजावलं. त्यांच्या गच्चीवर उन्हाच्या वेळा वाटून दिलेल्या होत्या. सकाळी दहापर्यंत पापड, मिरच्या. दहा ते तीन बोंबील, जवळा आणि जे काही मासळीचं असेल ते. कपडे तीननंतर. "चांगला ऊन कपड्यावर फुकट घालवायचा नाय," असा त्यांचा नियम होता. मी तो मान्य केला आणि मला खोली मिळाली.

उन्हाशी त्यांचं नातं मला पुढे हळूहळू कळलं. माहेर करंज्याचं. तिथे बंदरावर मासळीचा लिलाव संपला की उरलेली मासळी सुकवायची, हे लहानपणापासूनचं काम. सासर मिठागराचं. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, आणि मीठ धरलं की टोपल्या भरून डोक्यावरून वाहायचं. दोन्ही घरांचं पोट उन्हावर. मग मिठागरं गेली. जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या, आणि काकींच्या वाफ्यांच्या जागी कंटेनर उभे राहिले. पण उन्हाकडे पाहायची त्यांची नजर काही गेली नाही. रोज साडेदहाच्या सुमाराला त्या गच्चीच्या मधोमध चपला काढून उभ्या राहायच्या आणि कठड्याकडे चालू लागायच्या. जिथे तळवा सहन करीनासा होई तिथे थांबायच्या. "आज नऊ पावलांचा ऊन." पावलं जितकी कमी तितकं ऊन कडक. चार पावलांच्या उन्हात जवळा एका दिवसात सुकतो, बारा पावलांच्या उन्हात मासे घालू नयेत, वास मारतात. मी इंजिनिअर, पण मला याच्या तोडीचं उपकरण माहीत नव्हतं.

मला तिथे राहून वर्ष होऊन गेलं, तेव्हा छतावरच्या सोलरसाठी राज्याचं धोरण आलं. घराच्या छतावर पॅनेल लावा, तयार होणारी वीज वापरा, जास्तीची कंपनीच्या तारेत सोडा, नवा मीटर दोन्हीकडचा हिशेब ठेवील आणि बिलातून वजावट मिळेल, असं साधारण स्वरूप. आमच्या ऑफिसात पत्रकांचा गठ्ठा आला. सूचनाफलकावर एक लावलं, दोन घरी आणली. पत्रकावर कौलारू घर आणि वर हसरा सूर्य छापलेला होता. काकी ओटीवर मिरच्यांची देठं काढत होत्या. चित्राकडे बघून म्हणाल्या, "हा काय रं, जाधव?"

मी वाचून दाखवू लागलो. दोन ओळी झाल्या असतील नसतील, त्यांनी हात वर केला.

"थांब. हा तू आमचा जाधव म्हनून वाचतंस का हापिसातला सायब म्हनून?"

"काय फरक पडतो, काकी?"

"पडतो. सरकारचं काम घरात नाय करायचा. मी उद्या हापिसात येते."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी त्या आल्या. आमच्या खिडकीसमोर अकरा माणसांची रांग होती. काकी बाराव्या उभ्या राहिल्या. मी आतून खुणेने बोलावलं, तर त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. पाऊण तासाने नंबर आला तेव्हा दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "नमस्कार, जाधवसाहेब. तुमी छपरावरच्या उन्हाचा काय काडलंय, ते मना समजून घ्यायचा हाय."

त्या सकाळी साडेसात वाजता याच बाईंनी मला नळ चालू ठेवला म्हणून "अरं, पानी काय तुझ्या बापाचा?" असं विचारलं होतं. मी सगळं धोरण त्यांना टेबलाशी बसून समजावलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "म्हंजे माझ्या गच्चीवरचा ऊन मी तुमाला देऊ शकते?"

"हो."

"आनि तुमी नाय म्हनू शकत नाय?"

"नियमात बसत असेल तर नाही म्हणता येत नाही."

काकींनी टेबलावरचं पत्रक पुढ्यात ओढलं. मग हळू आवाजात, जे त्यांना सहसा जमत नसे, म्हणाल्या, "जमीन गेली, साहेब. खाडीचा पानी गेला. ऊन तेवढा ऱ्हायला व्हता. त्याचा काय करावा ते समजत नव्हता."

हनीफभाईंनी दहा पॅनेलचा आराखडा काढला. वैशाखाचे दिवस होते. ते गच्चीवर आले, मोबाइलमधलं होकायंत्र लावून दिशा बघितली, दक्षिणेच्या कठड्याला लागून खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "इथे मांडू. सावलीचा नामोनिशाण नाही."

"वैशाखात कशी दिसंल?" काकी म्हणाल्या. "नामाची टाकी बघ."

नामदेव हा दक्षिणेकडचा शेजारी. त्याने आपल्या गच्चीवर उंच चौथरा बांधून पाण्याची टाकी चढवली होती. थंडीत सूर्य खाली आला की टाकीची सावली काकींच्या बोंबलांवर यायची, आणि त्यावरून दोन्ही घरांत तीन वर्षं बोलणं बंद होतं. काकींनी गेरूचा खडा घेतला आणि न मोजता, न थांबता गच्चीवर तीन रेघा ओढल्या. "कार्तिकात सावली अठंपर्यंत. मार्गशीर्षात अठं. पौषात अठं. संक्रांत झाली का मागं जायला लागते." हनीफभाईंनी आधी मान हलवली, मग दुकानात जाऊन कॉम्प्युटरवर हिशेब करून आले. परत आल्यावर त्यांनी आपली खडूची रेघ चपलेने पुसली. पॅनेलची जागा पौषाच्या रेघेमागे सरकली.

अर्ज आमच्या ऑफिसात आला आणि अडला.

आमचे वरिष्ठ गायधनीसाहेब वाईट माणूस नव्हते. सही करायला घाबरणारे होते, आणि ते घाबरणं त्यांना आयुष्यभर सांभाळत आलं होतं. त्यांनी अर्जासोबतच्या कागदांची एक यादी स्वतः तयार केली होती, तिच्यात घराचा मंजूर नकाशा होता. काकींच्या घराला मंजूर नकाशा नव्हता. त्या ओळीतल्या एकाही घराला नव्हता. मुलं वाढली, गावठाण पुरेना, म्हणून लोकांनी हद्दीबाहेर आपल्याच जुन्या जमिनीवर घरं बांधली. पण ती जमीन कागदावर केव्हाच दुसऱ्याची झाली होती. अशी घरं सरकारदरबारी ना धड अधिकृत, ना कुणी पाडलेली.

गायधनीसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, ज्या घरालाच मंजुरी नाही त्याच्या छताला मी मंजुरी कशी देऊ?"

काकी उभ्याच होत्या. म्हणाल्या, "साहेब, त्या घराला मीटर कुनी दिला?"

"आम्हीच."

"बिल कुनाच्या नावावर येते?"

"तुमच्या."

"म्हंजे वीज आत येताना माझा घर खरा, आनि बाहेर जाताना खोटा?"

शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कने हसू लपवायला फाइलमध्ये तोंड घातलं. साहेब म्हणाले, "नियम आहे." काकी म्हणाल्या, "मग मना तो नियम बघायचा हाय. तुमची यादी नाय, सरकारचा नियम."

मूळ नियम इंग्रजीत छापलेले होते आणि काकींना मराठीसुद्धा सही करण्यापुरतंच यायचं. मला त्यांनी विचारलं नाही. रोज दुपारी मासळी उलटून झाली की त्या हनीफभाईंच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसायच्या आणि हनीफभाई गिऱ्हाइकं सांभाळत त्यांना नियम वाचून दाखवायचे. मी एकदा बल्ब आणायला गेलो होतो तेव्हा हे पारायण बघितलं. हनीफभाई घामाघूम झाले होते. "काकी, मला अरबी समजते, इंग्रजी समजते. पण ही इंग्रजी कुठल्या मुल्कातली आहे, अल्ला जाणे. एका वाक्यात चार वेळा 'परंतु' आहे."

"दमू नको. पुढं वाच. तो पहिल्या पानावरचा शब्द परत कुठं येतो का बघ. ग्राहक."

त्या शब्दावर काकींनी बोट ठेवलं ते कायमचंच. नियमात जिथे जिथे अर्जदाराचा उल्लेख होता तिथे ग्राहक असं म्हटलं होतं, म्हणजे ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे तो. नकाशाचं नाव कुठेच नव्हतं. ते पक्कं करायला त्यांना आठ दिवस लागले. नवव्या दिवशी काकी तो छापील गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऑफिसात आल्या. पिशवी घरची होती, त्यामुळे नियमांना सुक्या करंदीचा वास येत होता. ज्या पानांवर ग्राहक होता त्या प्रत्येक पानाला त्यांनी घडी घातली होती. गायधनीसाहेबांनी नाकाला रुमाल लावून सगळी घडी घातलेली पानं वाचली. मग रुमाल खिशात ठेवून पुन्हा वाचली.

"मी वरच्या कार्यालयाला अभिप्राय मागतो," ते म्हणाले. "पण अजून एक अडचण आहे. जागेची पाहणी करून अहवाल द्यायचं काम जाधवांचं. आणि जाधव तुमचे भाडेकरू. उद्या कुणी तक्रार केली, तर यांच्या अहवालाला काय किंमत राहील?"

हे त्यांनी माझ्यासमोर आणि काकींसमोर सांगितलं. मी ओशाळलो. काकींनी नुसती मान हलवली.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा त्या माझ्या खोलीच्या दारात बसल्या होत्या.

"जाधव, खोली खाली कर."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "काकी, अहो, अहवाल दुसरा कुणी..."

"दुसरा कोन? तुमच्या हापिसात हा काम तूच करतंस. तू अठं ऱ्हायलास तर तुझा कागद खोटा पडंल. माझा ऊन चोरीचा नाय, तो चोरीसारखा कशाला जाईल?"

"मी कुठे जाऊ?"

"लॉजवर जा. उद्या रातीपर्यंत. पिशवी भरायला येऊ काय?"

हनीफभाईंनी आपल्या घराची वरची खोली देऊ केली. ते ऐकून काकी उखडल्याच. "तो पॅनेल ईकनारा! त्याच्या घरात ऱ्हाऊन तू त्याच्याच पॅनेलवर लिवशील?" मग मी स्टँडजवळच्या एका लॉजमध्ये गेलो. खोलीला खिडकी एकच होती आणि ती जिन्यात उघडायची. कपडे पंख्याखाली वाळायचे. त्या दिवसांत मला उन्हाची किंमत जेवढी कळली तेवढी कॉलेजात चार वर्षांत कळली नव्हती.

काकींनी नातं असं तोडलं की त्यात कुठे फट नाही. मासळीबाजारात एकदा समोरासमोर आलो. त्या हलव्याचे कल्ले उघडून बघत होत्या. मी "काकी" म्हणून जवळ गेलो, तशा सरळ उभ्या राहिल्या. "नमस्कार, साहेब. आमच्या अर्जाचा काय झाला?" मी म्हटलं, अजून अभिप्राय नाही. "बरा," म्हणाल्या आणि कोळणीशी भाव करायला वळल्या. पण त्यांचे डोळे माझ्या ढिल्या झालेल्या शर्टावर क्षणभर थांबले ते मी पाहिलं. कोळणीने मागाहून सांगितलं की काकींनी तिला विचारलं, "हा सायब हल्ली मच्छी नेतो काय नाय?"

पाहणीला गायधनीसाहेब स्वतः माझ्याबरोबर आले. भाद्रपदातलं, ढगांमधून येणारं पण चटका देणारं ऊन होतं. मी मोजमापं घेतली, जोडण्या बघितल्या, सगळं लिहून काढलं. साहेब गेरूच्या रेघांपाशी थांबले. "हे काय आहे?"

काकींनी सांगितलं. साहेब कितीतरी वेळ त्या रेघा बघत राहिले. शेवटी ते इंजिनिअरच होते. नोकरीला लागल्यावर कधीकाळी त्यांनीही असं काहीतरी हाताने मोजलं असणार. त्यांनी खिशातून वही काढली आणि त्या रेघांचं चित्र काढून घेतलं. मग घाम पुसत म्हणाले, "बाई, जरा चहा मिळेल का?"

"पानी देते," काकी म्हणाल्या. "चहा काम झाल्यावर."

"अहो, चहाचं काय एवढं?"

"काम व्हायच्या आधी दिलेला चहा गोड लागतो, साहेब. मंग कागदात पन गोड लिवला जातो."

साहेबांच्या चेहऱ्यावर राग आला, गेला, आणि मग ते जे हसले ते मी ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं. दोन तांबे पाणी प्यायले. जिना उतरताना मला विचारलं, "तुम्ही इथे किती दिवस राहत होतात?"

"दीड वर्ष."

"आणि आता?"

"लॉजवर."

"का?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, साहेब."

ऑफिसात गेल्यावर अभिप्रायाचं स्मरणपत्र त्यांनी स्वतः लिहिलं, आणि पुढे दर सोमवारी स्वतः वरच्या कार्यालयात फोन लावू लागले. ज्या माणसाने आयुष्यभर सह्या टाळल्या तो आता दुसऱ्याच्या सहीच्या मागे लागला होता.

इकडे गच्चीवर पॅनेल चढली होती, पण परवानगी नसल्याने ती नुसतीच चकाकत होती. गावात लोकांनी त्यांना 'काकीचे आरसे' नाव ठेवलं. मुलगा प्रमोद वैतागला. "आई, लोक हसतात." काकी म्हणाल्या, "हसू दे. वाफ्यात पानी घेतला का दुसऱ्या दिशी मीठ मागनारा मानूस आमी कामावर ठेवत नव्हतो."

अभिप्राय मार्गशीर्षात आला. जोडणी ज्याच्या नावावर आहे तो ग्राहक, नकाशाची अट घालण्याचं कारण नाही, अर्ज मंजूर करावा. शेवटी एक ओळ होती : या मंजुरीमुळे बांधकाम अधिकृत ठरणार नाही. मी ती वाचताना आवाज बारीक केला. काकींनी ती दोनदा वाचायला लावली. "बरा केला लिवला ते. घराची लढाई वेगली, उन्हाची वेगली. ती पन लढू."

मीटर बसवला त्या सकाळी निम्मं गाव ओट्यावर जमलं होतं, गायधनीसाहेबही आले होते. काकी मीटरसमोर स्टूल टाकून बसल्या. मी समजावलं : हा आकडा आत आलेल्या विजेचा, हा बाहेर गेलेल्या. हनीफभाईंनी "बिस्मिल्ला" म्हणून खटका वर केला. दहा मिनिटं काही हललं नाही. मग बाहेरच्या विजेच्या जागी शून्याचा एक झाला.

"हा एक कुठं गेला?" काकींनी विचारलं.

"तारेत."

"तारेत नाय रं. कुनाच्या घरात गेला?"

"सगळ्यात जवळ जिथे वीज चालू असेल तिथे. म्हणजे," मी जरा थांबलो, "बहुतेक नामदेवच्या घरात."

ओट्यावरच्या माना मागे वळल्या. नामदेव स्वतः गर्दीच्या मागे, कंपाउंडच्या पलीकडून बघत उभा होता. काकींनी त्याच्याकडे वळून पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्या दिशेने तोंड उघडलं.

"नामा! उभा काय ऱ्हायलास? पंखा लाव घरात! माझा ऊन हाय, फुकट नको घालवू!"

सगळा ओटा हसून कोसळला. नामदेव लाजला, पण घरात गेला आणि त्याने खरंच पंखा लावला. खिडकीतून ओरडून सांगितलं, "काकी, वारा चांगला येतोय!" पुढच्या आठवड्यात त्याने टाकीचा चौथरा दोन फूट उतरवला. कुणी सांगितलं नव्हतं.

मी मीटरच्या कागदावर सही केली, शिक्का मारला, कागद काकींच्या हातात दिला. त्यांनी तो देवापुढे ठेवला, बाहेर आल्या, आणि इतके महिने जपलेलं 'साहेब' एका क्षणात टाकून दिलं.

"काय रं मेल्या, किती वालला हाईस! लॉजवर कुत्र्याचा जेवन देतात काय? बस अठं."

चहा आला. त्यामागे तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण, तळलेले बोंबील. गायधनीसाहेब शाकाहारी निघाले. त्यांच्यासाठी वालाचं बिरडं वेगळं केलेलं होतं. म्हणजे त्याची चौकशी काकींनी आधीच कुठूनतरी करून ठेवली होती. जेवून झाल्यावर मी सहज माडीवर गेलो. माझी खोली कुलूपबंद होती. काकी मागून आल्या आणि कनवटीची किल्ली काढून दार उघडलं. आत झाडून पुसून ठेवलेलं. कॉट तशीच, माझं विसरलेलं कॅलेंडर तसंच, फक्त पानं पुढे उलटलेली.

"दुसरा भाडेकरू नाही ठेवला?"

"तुला काडला व्हता," त्या म्हणाल्या, "खोलीला नाय."

मी आणखी दोन वर्षं तिथे राहिलो. एकदा दुरुस्तीसाठी भर दुपारी वीज बंद होती. वर लखलखीत ऊन, आणि घरातला पंखा बंद. काकी संतापून माझ्या ऑफिसात फोन करून म्हणाल्या, "ऊन हाय, पॅनेल हाय, मंग माझी वीज कुठं गेली?" मी सांगितलं की तार बंद असली की पॅनेलही आपोआप बंद होतं. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसेल. "वायरमन मरंल? मंग बंदच ऱ्हाऊ दे. तो खाली उतरला का सांग." थोड्या वेळाने वायरमनने मला सांगितलं की एक उंच बाई खांबाखाली येऊन त्याला कोकम सरबत देऊन गेल्या.

मग त्यांच्याकडे बायका येऊ लागल्या. आधी त्याच ओळीतल्या, मग खाडीपलीकडच्या, उरणकडच्या. सगळ्यांची घरं तशीच, नकाशाशिवायची. काकी त्यांना घेऊन हनीफभाईंच्या दुकानात जायच्या, घडी घातलेली पानं उघडायच्या, आणि मग त्यांना घेऊन आमच्या रांगेत उभ्या राहायच्या. गायधनीसाहेबांनी आपल्या यादीतला मंजूर नकाशा लाल शाईने खोडला. त्यांच्या टेबलावर काचेखाली गेरूच्या रेघांचं ते चित्र होतं, निवृत्त होईपर्यंत.

माझी रत्नागिरीकडे बदली झाली. निघताना काकींनी सुक्या बोंबलांची एवढी मोठी पिशवी दिली की एसटीत माझ्या शेजारी कुणी बसायला तयार होईना. फोनवर बोलणं व्हायचं. त्यांचा फोन म्हणजे त्या ओरडायच्या, मी मोबाइल कानापासून लांब धरायचो.

शेवटचं पाहिलं ते असंच, ध्यानीमनी नसताना. मुंबईचं काम आटोपून मी एसटीने रत्नागिरीला परत चाललो होतो. दुपारची वेळ. पळस्प्याच्या नाक्यावर, जिथून गोव्याचा रस्ता फुटतो, तिथे वाहनं अशी अडकली होती की कुणाचं चाक हलेना. कंटेनरचे ट्रेलर आडवेतिडवे, हॉर्नचा नुसता गदारोळ. मी खिडकीतून डोकं काढून बघितलं, तर पुढे ट्रेलरच्या मधोमध एक छोटा टेम्पो अडकलेला. मागे गोधड्यांत गुंडाळलेली पॅनेल उभी करून बांधलेली.

टेम्पोतून बारकूकाकी उतरल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं असावं, मोठा काळा गॉगल होता. लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि त्या सरळ नाक्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. एका हाताने सगळ्यात पुढच्या ट्रेलरला थांबवलं. दुसऱ्या हाताने मागच्याला रिव्हर्स घ्यायला लावलं. त्या ट्रेलरचा ड्रायव्हर, पगडी घातलेला धिप्पाड माणूस, आधी काहीतरी ओरडला. मग काकींनी त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्याने मुकाट्याने गाडी मागे घेतली. फट पडली. टेम्पो त्या फटीतून हळूच निघून गोव्याच्या रस्त्याला लागला.

मी खिडकीतून "काकी!" म्हणून ओरडलो. दोनदा ओरडलो. हॉर्नमध्ये ते कुठल्या कुठे विरलं. काकी टेम्पोमागे चार ढांगा पळाल्या, फळीला धरून वर चढल्या, पॅनेलला पाठ लावून बसल्या, आणि टेम्पोच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारल्या. तो दणका मला बसमध्येही ऐकू आला. टेम्पोने वेग घेतला.